धरमचंदचा कांदा

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी आमच्या पतसंस्थेने पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवरील चित्रासाठी रुपये २,५०१ मानधन मंजूर केले. विषय फुललेला कांदा. चित्र सभासदानेच काढायचे. मी संस्थेचा अकाउंटंट, मे २०२६ मध्ये निवृत्त होणार. त्या वर्षी घराघरांत माझे चित्र लागावे, एवढीच इच्छा होती.

चित्र देणारा दुसरा सभासद धरमचंद. बी.कॉम.ला माझ्या शेजारी बसायचा, आता आळेफाट्यावर कापडाचे दुकान चालवतो. झाडे-पाने रंगवण्याचा नाद त्याला मीच लावला. पण लोक त्याच्याच वह्या मागून बघतात. माझी बायकोसुद्धा.

याच्या घरी कांदा शिजत नाही. तरी हा रोज सकाळी राजुरीला भिमाजीच्या शेतात, बियाण्यासाठी राखलेल्या कांद्यात जाऊन बसू लागला. पांढऱ्या गोंड्यांवर मधमाश्या असायच्या. एखादी कागदावर उतरली, की ती उडेपर्यंत हा हात थांबवायचा. इतके स्वस्थ मला कधी बसता आले नाही.

"शेठ, खायचा न्हाई आन् नुसता बघायचा व्हय?" भिमाजी विचारायचा.

"बघायला कुठं बंदी आहे, भाऊ?"

मी एक रोप उपटून घरी नेले. टेबलावर ठेवून, मापे घेऊन, मुळांसकट त्याचे चित्र काढले.

"तूही एक उपट. खालचा कांदा दिसेल," मी धरमचंदला सांगितले.

"जीव असतो रे त्यात."

त्याच्या चित्रात मातीखालचा कागद कोराच राहिला. मी मनातून खूश झालो.

निवडीच्या सभेत भिमाजीची बायको कुशाबाई होती. ती संस्थेची संचालिका. माझे चित्र बघून म्हणाली, "ह्यो उपटल्याला हाय. पातीनं मान टाकलीय." मग धरमचंदचे बघून, "ह्यो आमच्या वाफ्यातला. उभा हाय अजून."

"सायबांचा भज्यांना घ्या राव!" भिमाजी दारातून ओरडला. सगळे हसले. धरमचंद तेवढा हसला नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात जाऊन, तो कोणता ब्रश वापरतो ते विचारले. त्याने पुण्याहून तसाच एक माझ्यासाठी आणला. त्याच्या कांद्याचे कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात लागले आहे. त्या ब्रशने मी अजून काहीच काढलेले नाही. ब्रशचे पासष्ट रुपये धरमचंदला देणे आहे.