तीन दिवसांत वल्हं

मनुष्यप्राण्याने लिहिलेली कोणतीही गोष्ट जागेवर जाऊन मोजता येते, असा ठाम विश्वास असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला आणि दैवयोगाने तो माझा घरमालक निघाला. उभी हयात त्यांनी मोजणी खात्यात काढली होती. जिच्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही अशी रत्नागिरीतली एकही जमीन त्यांनी मोजायची ठेवली नव्हती. निवृत्त झाल्यावर हातातली साखळी सुटली, पण हाताची सवय सुटेना. तेव्हा त्यांनी पृथ्वीवर नसलेली राज्यं मोजायला घेतली.

ही राज्यं 'वज्रकोटाची बखर' नावाच्या अद्भुत कादंबरीमालेत होती. ऐंशीनंतर लगेच मी कॉलेजात इतिहास शिकवायला रत्नागिरीत आलो तेव्हा तिचे पाच भाग निघाले होते आणि सहावा 'लवकरच' येणार होता. रेल्वेही लवकरच येणार होती. त्या काळी ती फक्त निवडणुकीच्या भाषणांतून धावत असे. एसटीतून हाडं मोजत उतरलो आणि खोली बघायला गेलो. नळाला पाणी किती वेळ येतं हे विचारायला मी तोंड उघडलं, तोच घरमालकांनी विचारलं, "उदग्रसेन मेला, असं तुम्हाला वाटतं का?"

मला वाटलं, आधीचा भाडेकरू असावा. मी म्हटलं, "अरेरे! कशाने?"

"तेच तर!" ते झोपाळ्यावरून उठलेच. "कशाने? प्रेत कुठाय? पंचनामा कुठाय? सारा गाव म्हणतो मेला, पण पुरावा विचारणारे तुम्ही पहिले." आणि मला खोली मिळाली.

त्याच संध्याकाळी त्यांनी पहिला भाग माझ्या हातात ठेवला. उशीखाली घेतला तर मान अवघडेल इतका जाड. कथेत दोन चंद्र होते, बोलणारे गरुड होते, दर पन्नास पानांनी शपथ घेणारे सेनापती होते, आणि पाच भागांत मिळून कोणीही एकदासुद्धा धड जेवलेलं नव्हतं. पहिल्या पानावर नकाशा होता. आम्ही सामान्य वाचक तो नकाशा उलटून पुढे जातो. घरमालक तिथेच राहायला गेले होते. त्यांनी तो ट्रेसिंग कापडावर उतरवून घेतला, त्याला प्रमाण ठरवलं, धूम्रा नदीच्या दोन्ही काठांना सर्व्हे नंबर दिले आणि हेमगिरीच्या राजवाड्याची पूर्वेकडची भिंत शेजारच्या राज्यात साडेतीन गुंठे घुसली आहे, असा निष्कर्ष काढला. पुढचं सगळं महायुद्ध त्यांच्या मते या साडेतीन गुंठ्यांचं होतं. लेखकाने उगाच त्याला धर्म-अधर्माचा रंग दिला होता.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे सगळं तटस्थपणे बघत. "आपल्या परसातला गडगा दोन पावसाळे पडून आहे," त्या मला म्हणाल्या, "गुरं आत येतात. ह्यांची नजर हेमगिरीच्या भिंतीवर."

लेखकाला घरमालक नियमित पत्रं लिहीत, तीही सरकारी थाटाची. 'विषय : शुक्रकडा ते शंखबंदर या अंतराबाबत. संदर्भ : भाग तिसरा, शेवटचे प्रकरण.' लेखकाने एकदाच पोस्टकार्ड पाठवलं, 'आपल्यासारखे वाचक हेच माझे बळ.' घरमालकांनी ते उलटसुलट करून पाहिलं, 'मुद्द्यास बगल' असा शेरा मारला, खाली तारखेसह सही केली आणि फायलीला लावलं.

या साम्राज्यात त्यांच्या तोडीचा दुसरा एकच माणूस गावात होता, तो म्हणजे तांडेल. त्यांनी तीस वर्षं शिडाच्या मचव्यावर तांडेलकी, म्हणजे कप्तानी, करून मलबारची कौलं वाहिली होती. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. बायकोही त्यांना तांडेलच म्हणत असावी. शाळा चौथीपर्यंत, पण पाचही भाग दोनदा वाचलेले. लेखक देशावरचा असल्यामुळे त्याने समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला असणार, असं तांडेलांचं मत होतं. दोन चंद्र असलेल्या जगात भरती-ओहोटीचं काय होईल, हा प्रश्न लेखकाला पाच भागांत पडला नाही. तांडेलांना तो सातव्या पानावर पडला. त्यांनी एका जुन्या वहीत वज्रकोटच्या किनाऱ्याचं भरतीचं कोष्टकच तयार केलं. त्यानुसार चौथ्या भागातली आरमारी लढाई कोरड्या वाळूत झाली होती. घरमालकांनी त्या कोष्टकाची नक्कल काढून नकाशाला जोडली. असा त्यांचा दोस्ताना. रोज पाच वाजता दोघं वाचनालयाच्या ओसरीवरच्या बाकावर बसत. त्यांचं बोलणं ऐकणाऱ्या परक्या माणसाला वाटे की इथे कुठल्यातरी श्रीमंत घराण्याच्या वाटण्या चालल्या आहेत.

बिनसलं ते उदग्रसेनावरून. तिसऱ्या भागाच्या अखेरीस हा राजा शुक्रकड्यावरून नदीत उडी घेतो. प्रेत सापडत नाही. चौथ्या भागात, बरोबर तिसऱ्या दिवशी, शंखबंदरात एक मुका नावाडी उगवतो आणि भर ओहोटीत राजपुत्राला पार नेतो. घरमालकांचा सिद्धान्त असा, की नावाडी हाच राजा. अंतर जुळत होतं, नदीचा उतार जुळत होता, दाढीसुद्धा तीन दिवसांची होती.

"सगळा जुळतंय सायब," तांडेल म्हणाले, "पन वल्ह्याचा काय? जन्मात वल्हा न धरलेला मानूस तीन दिवसात सुकतीच्या पान्यात होडी काढतोय? तीन दिवसात वल्हा नाय येत हातात. हाताला फोड येतात."

"राजा आहे तो! राजाला येतं!"

"राजा असू दे नायतर कलेक्टर. पान्याला काय म्हाईत?"

एवढ्यावर थांबलं असतं तर चालण्यासारखं होतं. पण घरमालक म्हणाले, "मचवा वाळूत घालणाऱ्याने पाण्याच्या गोष्टी सांगू नयेत." तांडेलांनी एकदा, फक्त एकदाच, मचवा वाळूत घातला होता, आणि तो विषय गावात कोणी काढत नसे. तांडेल उभे राहिले. म्हणाले, "तुमी आयुष्यभर जा जा मोजलात, ता सगळा कोर्टात फुटला." ओसरीवरचे वर्तमानपत्र वाचणारेही वाचायचे थांबले. कोकणात माणसाला बापावरून बोललेलं एकवेळ खपतं. पण मोजणीदाराला असं बोलणं म्हणजे फार झालं.

अकरा महिने दोघं बोलले नाहीत. बाक एकच होता आणि तो सोडणं म्हणजे हक्क सोडणं, म्हणून दोघं त्याच्या दोन टोकांना बसत. मधे मी. "प्रोफेसर, त्यांना सांगा, चौथ्या भागात वारा पूर्वेचा आहे." मी डावीकडे तोंड करून सांगे. "मास्तर, त्येंका सांगा, माका ऐकू येता." कालांतराने तेही थांबलं आणि तांडेल यायचेच बंद झाले.

मग घरमालकांचं जे काही झालं ते बघवत नसे. राज्य होतं, नकाशा होता, पण हरकत घेणारा नव्हता. त्यांनी माझ्यावर प्रयोग करून पाहिला. गरुडांच्या वंशावळीबद्दल त्यांनी एक नवी उपपत्ती मांडली आणि मी म्हटलं, "असेलही." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की परीक्षेत कोरा पेपर देणाऱ्या मुलाकडेही मी तसं कधी पाहिलं नव्हतं. काकू हळूच म्हणाल्या, "त्यांना हो म्हणणारा नको असतो हो. 'हो' तर मी चाळीस वर्षं म्हणतेय."

तांडेलांकडे जाऊन दिलगिरी व्यक्त करणं हा साधा उपाय होता. घरमालकांनी तो विचारात घेतला नाही. त्यांनी पुरावा गोळा करायचं ठरवलं. जन्मात वल्हं न धरलेला माणूस तीन दिवसांत होडी काढू शकतो, हे ते स्वतः काढून दाखवणार होते. जन्म समुद्राच्या आवाजात गेला, पण या माणसाने कधी होडीत पाय ठेवलेला नव्हता. त्या अर्थी ते उदग्रसेनाच्या तोडीचे होते. भाट्याच्या खाडीवर एका ओळखीच्या माणसाची लहानशी होडी त्यांनी मागून घेतली आणि मला पंच म्हणून काठावर उभं केलं. पंचनाम्याचा कागद आधीच लिहून आणलेला होता. फक्त निकालाची जागा कोरी होती.

पहिल्या दिवशी होडी स्वतःभोवती फिरली. दुसऱ्या दिवशी ती फिरायची थांबून मागे मागे गेली, हे घरमालकांनी 'समाधानकारक प्रगती' म्हणून नोंदवायला लावलं. त्यांच्या तळहाताला फोड आले होते, पण ते नोंदवायचे नाहीत अशी सूचना होती. तिसऱ्या दिवशी ग्रंथाच्या आधारानुसार ओहोटीत होडी काढणं भाग होतं. ओहोटी संपता संपता निघालं म्हणजे नियमही पाळला जाईल आणि जीवही वाचेल, असा त्यांचा हिशेब. पण ओहोटी कधी संपते? ते विचारायचं तांडेलांना, आणि तांडेलांशी बोलणं बंद. खाडीवरच्या दुसऱ्या कोणाला विचारावं, तर बातमी घटकाभरात तांडेलांकडे. तेव्हा त्यांनी घरात होतं ते कोष्टक काढलं. म्हणजे वज्रकोटचं. त्यातून एक चंद्र वजा केला आणि आलेल्या उत्तरावर विसंबून होडी पाण्यात लोटली.

ओहोटी संपत नव्हती, नुकती भरात येत होती. होडी सरळ निघाली. तीन दिवसांत पहिल्यांदाच सरळ निघाली, पण खाडीच्या तोंडाकडे. घरमालक आनंदाने ओरडले, "लिहा! लिहून घ्या!" मी लिहायला लागलो आणि अक्षर संपायच्या आत ते निम्मे लहान दिसायला लागले.

कोणीतरी माझी कॉलर पकडली. तांडेल! तीन दिवस ते पलीकडच्या माडाआड बसून हा पंचनामा बघत होते, हे मला नंतर कळलं. "चला मास्तर, पानी उपसायला मानूस हवा," म्हणत त्यांनी मला एका होडीत ढकललं आणि अशी वल्ही मारली की मला त्या क्षणी उदग्रसेनाचा प्रश्न कायमचा सुटल्यासारखा वाटला.

जवळ पोचलो तेव्हा घरमालक उभे होते. "सायब, खाली बसा! बसा म्हनतो ना!" तांडेल ओरडले.

"तिसरा दिवस आहे! आणि मी होडी काढलीय!"

"काडलीत कसली? तिनं तुमाला काडलान! घटकाभरात मलबारात पोचाल!"

दोरी बांधून आम्ही त्यांना ओढायला लागलो. मग मागच्या होडीतून, भिजलेल्या धोतरातून, घरमालक म्हणाले, "पण बुडलो नाही."

"मी आलो म्हनून."

आणि मग तो आवाज आला, जो मी अकरा महिन्यांत ऐकला नव्हता. "तांडेल! मग राजालाही कोणीतरी आलं असेल!"

तांडेलांची वल्ही थांबली. होडी वाहायला लागली, ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही. "म्हंजी... दुसरा नावाडी?"

"दुसरा नावाडी! राजाला शिकवणारा!"

"ता होयाल," तांडेल विचार करून म्हणाले. "ता मात्र होयाल. पन वाईट शिकवलान. चौथ्या भागात वल्हा उलटा धरलाय."

घरी गेल्यावर काकूंनी दोघांपुढे सुंठीचा काढा ठेवला आणि तांडेलांना म्हणाल्या, "ह्यांना खाडीतून काढायचंच होतं, तर आधी या ओसरीतून काढायचंत. अकरा महिने ह्यांची कुरकुर मी ऐकलीय." तांडेल मान खाली घालून काढा प्याले. माफी कोणी कोणाची मागितली नाही. पंचनाम्यातली निकालाची जागा कोरीच राहिली.

सहावा भाग पुढच्या वर्षी एसटीच्या पार्सलातून आला. वाचनालयात एकच प्रत. दोघांनी ती बाकावर मधे धरून एकत्र वाचली. बाविसाव्या पानावर त्या मुक्या नावाड्याला एक बाण लागतो आणि तो पाण्यात पडतो. एवढंच. तो कोण, कुठला, एक अक्षर नाही. लेखकाच्या बहुधा तो लक्षातही नव्हता. आता भांडायलाही काही उरलं नाही, अशी मला भीती वाटली. दोन म्हातारे पुस्तक मिटून समोरच्या रस्त्याकडे बघत बसले होते. मग तांडेल पुटपुटले, "प्रेत कुनी बगितला?"

घरमालक सावकाश त्यांच्याकडे वळले. चेहऱ्यावर उजेड पसरला. "कोणीही नाही," ते म्हणाले.

सातवा भाग निघाला तेव्हा माझी देशावर बदली झाली होती. तिथे तो वाचणारा मला कोणी भेटला नाही. मी एकट्याने वाचला, वाचताना चारदा उठून बसलो, आणि सांगायला कोणी नाही म्हणून अखेर माझ्या हरकती अंतर्देशीय पत्रावर लिहून घरमालकांना पाठवल्या. उत्तर आलं ते दोन हस्ताक्षरांत होतं. घरमालकांच्या रेखीव ओळी, आणि त्यातल्या निम्म्यांवर तांडेलांनी आडवी काट मारून समासात लिहिलेलं 'नाय'. त्या 'नाय'वर घरमालकांची पुन्हा काट. पत्र वाचायला आतशी भिंग लागलं. मग वर्षाकाठी अशी तीन-चार पत्रं येत गेली, आणि ती फोडायच्या आधी मी दार लावून घेत असे.

एके वर्षी पावसाळ्यानंतर पत्र आलं ते स्वच्छ होतं. अक्षर एकच, रेखीव. तांडेलांबद्दल त्यात एवढंच होतं की ते गणपतीपूर्वी गेले, फार त्रास झाला नाही. बाकी नेहमीचा मजकूर. खाली भरतीबद्दल तीन ओळी होत्या. त्या साफ चुकीच्या होत्या, हे मलासुद्धा कळत होतं, पण त्यांच्यावर कोणीही काट मारलेली नव्हती.

मी पेन घेतलं, तिन्ही ओळींवर आडवी काट मारली, समासात 'नाय' असं लिहिलं, आणि पत्र पाकिटात घालून त्यांना परत पाठवून दिलं.