हाडपेर

आमच्या आत्याचा आवडता शब्द म्हणजे हाडपेर. माझे आजोबा मोठ्या हाडाचे, रुंद जबड्याचे. त्यांच्या मापाची चप्पल बाजारात मिळायची नाही, मुद्दाम करवून घ्यावी लागायची. त्यांचा फोटो आत्याच्या कुरुळीच्या घरी होता. आल्यागेल्याला तो दाखवून ती म्हणायची, "बघा, ह्ये आमच्या घराण्याचं हाडपेर!"

चाकणच्या कंपनीत लागलो तेव्हा माझे सेफ्टी शूज नऊ नंबरचे होते. मग दहा झाले, मग अकरा. स्टोअरवाला हसायचा, "राव, या वयात पाय वाढतोय का तुमचा?" मीही हसायचो. पुढे डोकं ठणकू लागलं, कडेचं दिसेनासं झालं. एकदा फोर्कलिफ्टखाली येता येता वाचलो. तेव्हा कुठे कळलं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर गाठ आहे आणि माझे हातपाय तीच वाढवते आहे.

ऑपरेशन नाकातून झालं. नाकात बोळे घालून मी पडलेलो, आणि आत्या पलंगाशेजारी बसून माझ्या आईला सांगत होती, "वहिनी, आमच्यात असलं कायबी न्हाई. ही खोट तुमच्या माहेरची हाय." आई लातूरकडची, म्हणजे आत्याच्या लेखी कायमची परकी. वडील आधीच गेलेले. आईची बाजू घ्यायला मीच होतो, आणि माझ्या तोंडून आवाज फुटत नव्हता. आत्याने ते वाक्य भावकीभर पोचवलं. आईने लग्नकार्याला जाणंच सोडलं. आत्याला हे वाक्य गिळायला लावायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

संधी रक्ताच्या रिपोर्टने दिली. माझ्या एका जनुकात जन्मापासून बदल होता. आईच्या रक्तात तो नव्हता. आजोबांचा फोटो माझ्या मोबाईलवर पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वडिलांकडून आलेला दिसतोय. बदल असला म्हणजे गाठ होतेच असं नाही, तुमच्या वडिलांना झाली नसेल. पण त्यांच्या बाजूच्या सगळ्यांना तपासून घ्यायला सांगा." मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू!

आईला घेऊन मी कुरुळीला गेलो. आत्याची मुलगी घरीच होती. ती तळवड्याला आयटीत नोकरी करते. चहा देताना तिच्या बोटाकडे माझं लक्ष गेलं. अंगठी नव्हती, नुसता वळ होता.

"साबण लावून काढली, दादा," ती म्हणाली. "हात सुजतात हल्ली. डोकंही दुखतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी रिपोर्ट घट्ट धरला. "आत्या, आधी म्हण, खोट आमची हाय. माझ्या आईसमोर म्हण. मग सांगतो हिला काय झालंय ते."

आत्या कावरीबावरी होऊन फोटोकडे बघत राहिली. तिचे ओठ हलू लागले. मी तासभरही वाट बघत उभा राहिलो असतो.

आईने माझ्या हातातून रिपोर्ट ओढला आणि त्या मुलीला दिला. "उद्याच जा माय, ह्याच डॉक्टरकडं. वन्सं, भिऊ नका. बरं होतंय हे."

मुलीचं ऑपरेशन झालं, ती कामावरही जाते. आत्या आता आईला प्रत्येक कार्याला आग्रहाने बोलावते आणि आई जाते. आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरलाय. पण मला फोटो नको होता, 'खोट आमची हाय' हे वाक्य हवं होतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. आत्याला मी माफ केलेलं नाही, आणि आईलाही नाही.