गुडघ्याला काही झालं नव्हतं

मक्या गेला, हे त्याच्या बायकोनं, वैशालीवहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी हॅरो स्टेशनवर ट्रेनची वाट बघत होतो. हार्ट अटॅक. आधी रागच आला. मेल्या, एवढा मार पचवलास आणि सोफ्यावर बसल्या बसल्या गेलास? तीन ट्रेन आल्या आणि गेल्या... मी तिथेच.

दोन हजार चार साली आम्ही ब्रिस्टलला शिकत होतो. तो नागपूरचा, मी पुण्याचा. युनिव्हर्सिटीत अमेरिकन फुटबॉलची टीम नुकतीच निघाली होती. नाव फुटबॉल, पण खेळ सगळा अंगावर धावून जाऊन समोरच्याला आडवं करण्याचा. माणसं कमी, हेल्मेटं त्याहून कमी. आम्हा दोघांत एक. पहिला हाफ तो, दुसरा मी. माझ्या डोक्यावर ते यायचं तेव्हा त्याच्या घामारक्तानं ओलं असायचं. सीझनभर एकही मॅच जिंकलो नाही. नाकं फुटली, बोटं मोडली, एकाचे दोन दात चिखलात पडले ते सापडलेच नाहीत. मक्या रक्त थुंकून हसायचा, "हरलो तर हरलो बे, त्यांनाही घरी जाऊन शेकावंच लागेल ना!"

शेवटच्या मॅचला समोर एक राक्षस होता. पहिल्या हाफमध्ये त्यानं मक्याला तीनदा उचलून आपटलं. तिसऱ्यांदा हाड वाजलेलं मला बाहेर ऐकू आलं. हाफटाइमला मक्या आला, उजवा हात लोंबत होता. डाव्या हातानं हेल्मेट पुढे केलं. "घे. उजवीकडून येतो तो." माझी पाचावर धारण बसली. म्हणालो, "गुडघा गेलाय रे माझा." साफ खोटं! त्यानं गुडघ्याकडे पाहिलं. "बस मग बे," म्हणाला आणि हेल्मेट परत चढवलं. दुसऱ्या हाफमध्ये त्याचा खांदा असा चिरडला गेला, की पुढे जन्मभर तो हात डोक्याच्या वर गेला नाही. फोनवर मात्र त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "गुडघा काय म्हणतो बे?" मी म्हणायचो, थंडीत दुखतो. लाज वाटायची. तरी म्हणायचो.

अंत्यसंस्काराला, इथल्या रिवाजाप्रमाणे शवपेटी उचलायला मी पुढे झालो, तर वहिनींनी हात धरला.

"भावोजी, तुम्ही नका. तुमचा गुडघा... हे नेहमी सांगायचे."

कोणीतरी खुर्ची सरकवली.

"वहिनी, गुडघ्याला काही झालं नव्हतं. कधीच नाही. मी घाबरलो होतो."

त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मग हात सोडला. मी खांदा दिला.

ते हेल्मेट माझ्या कपाटावर आहे. सीझन संपल्यावर मक्यानंच दिलं होतं, "ठेव तुझ्याकडे. तुझा हाफ बाकी आहे बे." हनुवटीच्या पट्ट्यावर आम्ही आपापल्या मापाच्या पेननं दोन खुणा केल्या होत्या, एक त्याची, एक माझी. परवा खाली काढून पाहिलं. पट्टा अजून त्याच्याच खुणेवर आहे.