जरीच्या किनारीचा झेंडा

"माझा दादा तुमचा कोण होता?" हे मी मास्तरांना विचारलं होतं. उत्तर आजवर कोणी दिलं नाही. किस्से मात्र ढीगभर मागे राहिले. कटपीसच्या गठ्ठ्यासारखे, एक ओढला की चार निघतात!

मास्तर म्हणजे त्यांच्या देशातून हाकललेले शाळामास्तर. सोबत दोन तरुण. बमरोली या गुजराती कापडवस्तीत आमच्या शेजारची खोली हेच घर आणि हेच त्यांचा देश आझाद करणाऱ्या पक्षाचं ऑफिस. सगळा खर्च एका परदेशी सरकारच्या ग्रँटवर.

*

दादा साड्यांच्या प्रिंटिंगमध्ये होता. त्याने मास्तरांच्या देशाचा झेंडा उरलेल्या साडीवर छापला. खाली जरीची किनार तशीच!

मास्तरांनी सलाम ठोकला. "राहू दे. देश गरीब आहे, झेंडा तरी श्रीमंत दिसू दे!"

*

एकदा भांडून पक्ष फुटला. ग्रँटवाल्यांनी दोन्ही पक्षांना ग्रँट दिली! एका दारावर दोन पाट्या, दोन्ही दादानेच रंगवल्या. भात मात्र एकाच पातेल्यात शिजायचा.

*

घरमालक काका विचारायचे, "मास्तर, देश आझाद थशे तो रूम खाली करशो ने?"

"त्याच दिवशी, काका!"

काका आम्हाला हळूच म्हणायचे, "तो पछी चिंता नथी. भाडुं कायम!"

*

ग्रँटवाला साहेब सभासद बघायला आला. खोलीत माणसं तीनच, म्हणून दादाने लूमवरची आपली खान्देशी माणसं आणून बसवली.

साहेबाने त्यांतल्या पुंजूआप्पाला विचारलं, "देशातलं काय आठवतं?" मास्तरांनी ते हिंदीत सांगितलं.

"मायना हातनी भाकर याद येस," आप्पा अहिराणीत म्हणाला आणि खरंच रडला. मास्तरांनी भाषांतर केलं, साहेबानेही डोळे पुसले. ग्रँट चालू राहिली.

नंतर दादा हसला, "आप्पा, गाव तर एका पॅसेंजर गाडीवर आहे!"

"गाव शे. माय नही."

*

दादा काविळीने गेला. थोड्या दिवसांनी मी त्यांच्या खोलीत डोकावलो. भिंतीवर त्यांच्या हुतात्म्यांचे फोटो, आणि त्यांत दादाचा! झेंड्याची जरीची किनार हारासारखी घातलेली, खाली त्यांच्या लिपीत भलतंच नाव.

माझं डोकं फिरलं. फोटो खिळ्यावरून ओढला, मास्तरांची कॉलर धरली आणि तो प्रश्न विचारला. एक तरुण म्हणाला, "आज साहेब येतोय. नवा हुतात्मा दिसला नाही तर ग्रँट बंद, आणि आम्ही रस्त्यावर."

तेवढ्यात साहेब दारात. बूट काढून आत आला, माझ्या हातातला फोटो बघून काहीतरी बोलला.

मास्तरांनी जमिनीकडे बघत हिंदीत विचारलं, "साहेब विचारतो, हा तुझा कोण?"

"मना भाऊ शे."

"ब्रदर," मास्तर म्हणाले.

साहेबाने मान झुकवली. मी फोटो परत खिळ्याला अडकवला. जरा तिरका होता, तो सरळ केला.