जीपचं ॲव्हरेज आणि घोडबंदरचे दगड

गेल्या महिन्यात भाच्याने नवी एसयूव्ही चार बोटं उचलून घेतली, हत्तीच्या पायाएवढे टायर घातले आणि पंधरा दिवसांत मला फोन केला. "मामा, ॲव्हरेजची वाट लागली यार. पंपवाला मापात मारतोय वाटतं."

मी म्हटलं, पंपवाल्याला काही बोलू नकोस. आधी मी काय लिहितो ते वाच. म्हणून हे प्रवासवर्णन. प्रवास एका दिवसाचा आहे, घाटकोपरहून मढ आणि बोरीवली-ठाण्यावरून परत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. ज्यांना हा फेरा करायचा असेल त्यांनी रस्त्याची माहिती घ्यावी आणि माझ्याकडून दुसरं काहीही शिकू नये.

आम्ही तेव्हा मुलुंडला राहायचो. मी ऑफिसातला माणूस, पण डोक्यात जंगल. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती. सोसायटीत ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती आठवडाभर घाटकोपरला बाबल मेस्त्रींच्या गॅरेजच्या अंगणात उभी असायची. मेस्त्री मालवणकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. जादा किल्ली त्यांच्याकडेच असे. पाऊस आला तर ते स्वतः उठून ताडपत्री घालत, आणि त्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द ऐकवला नाही.

त्यांच्याकडूनच मी जीप उंच करून घेतली. स्प्रिंगमध्ये जादा पाटे, खाली ट्रकला शोभतील असे टायर. झकास दिसत होती! मी एक अख्खा रोल फोटो काढले. पुढच्या महिन्यात लक्षात आलं की लिटरला नऊ-दहा देणारी गाडी सातवरसुद्धा येत नाही.

मेस्त्रींनी कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलले, हवेचा फिल्टर साफ केला. फरक शून्य. मग माझ्या डोक्यात किडा शिरला. त्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती. गादी उचलली की झाकण. रबरी नळी घातली की काम झालं. गाडी आठवडाभर कोणाच्या अंगणात असते?

एका शनिवारी गॅरेजात दोन टॅक्सीवाले चहा पीत बसले होते. मी हसत हसत म्हणालो, "काय मेस्त्री, गाडी उभ्या उभ्यापण पेट्रोल पिते का हो?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. टॅक्सीवाले फिस्सकन हसले. त्यातला एक म्हणाला, "क्या मेस्त्री, आप भी?" मेस्त्रींनी कापूस घेऊन एकेक बोट पुसलं. एरवी मला 'अरे सुधीर' म्हणणारा माणूस म्हणाला, "उद्या टाकी काठोकाठ भरा. मी बरोबर येतंय. टाकी तुमच्या बुडाखाली, मी मागच्या सीटवर. पेट्रोल खय जाता ता बघूया."

मी नको म्हणायला हवं होतं. मला वाटलं, बरंच झालं, दूध का दूध होईल.

रविवारी सकाळी सातला घाटकोपरच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली आणि निघालो. मी, शेजारी बायको सुनंदा, मागे मेस्त्री. त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली, दोन्ही घरून आणलेले. सुनंदाला मी फक्त "मेस्त्री गाडी तपासायला येताहेत" एवढंच सांगितलं होतं. ती मागे वळून त्यांच्याशी गावच्या गप्पा मारत होती आणि ते तिला नीट उत्तरं देत होते.

साकीनाक्याकडून अंधेरीला गेलात तर सकाळी लवकर जा, नंतर ट्रक सोडत नाहीत. अंधेरीपासून हायवे रुंद आणि मोकळा. मालाडला मेस्त्रींनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून चारही चाकांच्या ड्रमवर हात ठेवून पाहिला. ब्रेक चिकटत असेल तर ड्रम तापतो आणि पेट्रोल जास्त जातं.

"चारय थंड," ते म्हणाले. मग खिशातला गेज काढून टायरची हवा बघितली. तीही बरोबर. ज्याच्यावर आळ होता तोच माणूस माझ्या गाडीची खोड शोधत होता, आणि मी बाजूला उभा राहून सिगरेट ओढत होतो.

मार्वेवरून मढचा रस्ता तेव्हा अरुंद होता. दोन्हीकडे ताडाची झाडं आणि वाळत घातलेले बोंबील. वास सहन होत नसेल तर मढला जाऊ नका, कारण खरी मजा त्या वासातच आहे. एका कोळणीने आपल्या ओटीवर आम्हाला जेवायला बसवलं. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, दोघांचे मिळून तीस रुपये. तिने तिसरं ताट वाढायला घेतलं तेव्हा मेस्त्री समुद्राकडे तोंड करून आपला डबा उघडून बसले होते.

सुनंदा बोंबलाची बशी घेऊन त्यांच्याकडे गेली. "मेस्त्री, मालवणचा माणूस मासे सोडून भाजी-चपाती खातो?"

"वैनी, तुमच्या हातचा कधीय खाईन," ते म्हणाले. "पण आज ह्या गाडयेवाल्याचा पाणीपण नको."

सुनंदा परत आली आणि मला विचारलं, "काय केलंत तुम्ही?" मी सांगितलं. तिने बशी खाली ठेवली आणि जेवली नाही. मी जेवलो. बोंबील फार चांगले होते हे मला अजून आठवतं, आणि आठवतं याचीच लाज वाटते.

परतताना हायवेवर येऊन बोरीवली गाठली, नॅशनल पार्कच्या दारात ऊसाचा रस घेतला. दोनच ग्लास. तिथून पुढे घोडबंदरकडे गर्दी संपते, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. गाडी चालवायला इतका सुंदर रस्ता तेव्हा मुंबईजवळ दुसरा नव्हता. सुनंदा शाळेत गणित शिकवायची. काही सुचेनासं झालं की ती मोजायला लागते. ती रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजू लागली.

काही वेळाने म्हणाली, "अहो, दहा दगड झाले. तुमचं मीटर नऊसुद्धा दाखवत नाही."

"चुकली असशील."

"मग आता तुम्ही मोजा."

मी मोजले. पुन्हा दहा दगड, पुन्हा मीटर नऊच्या आत. मी म्हणालो की दगड चुकीचे लावले असतील. सरकारी काम. हे मी खरोखर म्हणालो. माणूस स्वतःची चूक मान्य करायच्या आधी सबंध सार्वजनिक बांधकाम खात्याला चोर ठरवतो.

तेव्हा मागून मेस्त्री बोलले, मढ सोडल्यापासून पहिल्यांदाच. "मीटर चाकाचे फेरे मोजता, वाट नाय. टायर मोठो, एका फेऱ्यात जास्त वाट जाता. मीटर कमीच दाखयतलो. टायर बसवलंय त्याच दिवशी तुमका सांगितलेला."

"मला नाही आठवत."

"तुमी फोटो काढीत होतात."

मग आठवलं. ते चाकाशी उकिडवे बसून काहीतरी सांगत होते आणि मी कॅमेऱ्यातून बघत त्यांना म्हणालो होतो, मेस्त्री, जरा बाजूला व्हा.

मी गाडी कडेला घेतली. संध्याकाळी घाटकोपरला टाकी पुन्हा भरली तेव्हा हिशेब लागला, पण मला तिथेच सगळं कळलं होतं. भाच्या, तुझ्यासाठी सांगतो. तुटीतला निम्म्याच्या आसपास भाग मीटरचा होता, तो तर मुळात तुटलाच नव्हता. उरलेला जड टायरचा आणि वाऱ्यात छाती काढून उभ्या असलेल्या उंच गाडीचा. ती हौस माझी होती. एक थेंबही कोणी चोरला नव्हता.

"चुकलं माझं, मेस्त्री," मी म्हणालो. खरंच मनापासून म्हणालो.

त्यांनी खाडीकडे बघत मान हलवली. "ह्या गाडयेत बोललात. ता गॅरेजात बोलला होतात."

एवढंच मागणं होतं त्यांचं. ज्या चार माणसांत बोललो त्यांच्यातच परत बोलायचं. त्यांच्या अंगणात दहा टॅक्सीवाले विश्वासाने गाड्या सोडून जात. त्यांचं नाव हेच त्यांचं दुकान होतं.

पुढच्या शनिवारी मी गेलो. तेच दोघे टॅक्सीवाले बसलेले. मेस्त्रींनी काम थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. घरून पाठ करून आलो होतो. तोंड उघडलं आणि हसत म्हणालो, "अरे, आमचं मीटरच खोटं निघालं हो!"

टॅक्सीवाले पुन्हा हसले. मेस्त्री हसले नाहीत. आत गेले, खिळ्यावरची जादा किल्ली काढून आणली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "सोमवारपासून दुसरी जागा बघा."

जीप मी वर्षभरात विकली. पुढे मेस्त्री गावी गेले असं ऐकलं. पत्ता शोधला असता तर मिळाला असता. शोधला नाही. त्यांची किल्ली अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. भाच्या, मोठे टायर घाल, हवा भरलेली ठेव, अंतर दगडांवरून मोज.

आणि आता तुम्ही चार माणसं वाचताच आहात, तर मी शनिवारी न बोललेलं वाक्य इथे लिहितो. बाबल मेस्त्रींनी माझं पेट्रोल कधीच घेतलं नाही. मीटर खोटं नव्हतं. ते बिचारं फेरे मोजत होतं. खोटं मी बोललो, आणि दोनदा बोललो.