उतू जाऊ न दिलेलं दूध

आमच्या जालन्यात दूध उकळत नसत, तापवत. कडेला बुडबुडे आले की पातेलं चुलीवरून खाली. दूध उतू जाऊन विस्तवात पडलं तर जनावराचे सड जळतात, असं पक्कं ठरलेलं. कुणी ठरवलं, हे विचारायची सोय नव्हती.

तेव्हा मी हैदराबादहून आलेल्या एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली होतो. दुधातून माणसाला जडणारे रोग हा त्याचा विषय. मी लोकांना वाटायची माहितीपत्रकं लिहायचो, तो घरोघरचं दूध बाटल्यांत भरून न्यायचा. ते गिनीपिगांना टोचायचं आणि प्राणी जगतात की मरतात याची वाट पाहायची; मेले तर दुधात रोग.

थोरल्या बहिणीच्या घरी त्याला मीच नेलं. तिच्या मुलीच्या मानेवर गाठी आल्या होत्या. घरचे गंडमाळ म्हणत, लेप लावत, आणि पोर अशक्त म्हणून म्हशीचं दूध जास्तच पाजत. म्हैस खोकत होती, बरगड्या वर आल्या होत्या. शास्त्रज्ञानं आधी गोठा पाहिला, मग पोरीची मान. बहिणीच्या सासूला म्हणाला, "फेस वर चढेपर्यंत उकळत जा, आजी."

"अन् उतू गेलं तर? सड जळाल्यावर तुमचं सरकार येऊन धार काढील का?"

मोठं पातेलं घ्या, असं त्यानं सुचवलं. बहिणीनं माळ्यावरून काढलंही. एका सकाळी तिची पाठ वळली, दूध चुलीत गेलं, आणि संध्याकाळी म्हशीनं पान्हा चोरला. झालं. पातेलं पुन्हा माळ्यावर.

बहिणीकडचं दूध टोचलेले गिनीपिग मेले तोवर पोरीला उठवत नव्हतं. मी निरोप घेऊन गेलो तर बहीण म्हणाली, आता उकळून काय करू. पोर दिवाळीआधी गेली.

म्हैस मारून पुरा, असं शास्त्रज्ञ सांगत राहिला. ऐकणार कोण? आमच्या हैदराबादच्या राज्यात पत्रकाच्या ओळीओळीवर सरकारचा पहारा होता. दुधावर नव्हता.

सासूनं शिंगांना तेल लावून म्हैस बाजारात उभी केली. अंबडकडच्या एका शेतकऱ्याला घरच्या बाळंतिणीसाठी दुभतं हवं होतं. सासू त्याला सांगत होती, "हिचं दूध कधी विस्तवात सांडू दिलं न्हाई."

मी मधे घुसलो. या दुधानं माझी भाची मेली, म्हैस घेऊ नका, घेतलीच तर दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका, असं चारचौघांत सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग खाली बसून एकेक सड दाबून पाहिला.

"सड तर बराबर हायेत," तो म्हणाला, आणि दावं हातात घेतलं.