साठला उठायचं होतं

त्या दिवशी मी सत्याऐंशी मोजले. साठला उठायचं होतं.

हे वहीत आधी लिहून ठेवते, कारण आमच्या घरात आता सगळे वेगळंच सांगतात. हे म्हणतात, "ट्रायलला पोरीचा हात जरा आखडला होता." ह्यांचे मित्र म्हणतात, नशीब नव्हतं. हात आखडला नव्हता आणि नशिबाचा काही संबंध नव्हता. तिला सत्याऐंशी वेळा फेकायला लावलं आणि मी शेजारी बसून मोजत राहिले.

माझी मुलगी बेसबॉल खेळते. ती पिचर आहे. क्रिकेटात जसा बोलर, तसा बेसबॉलमध्ये पिचर. फरक एवढाच की इथे धावत येऊन हात सरळ ठेवून चेंडू टाकायचा नसतो. एका जागी उभं राहून, कोपरातून हात वाकवून, जोरात फेकायचा असतो. क्रिकेटात ज्याला चोरी म्हणतात तेच इथे कसब.

ती बारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. इथे परदेशात, अल कुसैसला, आमच्या बिल्डिंगमागे वाळूचं मोकळं पार्किंग आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे ह्यांच्या गोदामातली माणसं आणि आमच्या तालुक्यातली दहाबारा जणं टेनिस बॉलने खेळायची. हे कॅप्टन. एकदा माणूस कमी पडला म्हणून लेकीच्या हातात बॉल दिला. तिसऱ्याच चेंडूला ह्यांची दांडी उडाली. पाण्याचा रिकामा कॅन होता दांडीच्या जागी, तो गडगडत गाडीखाली गेला. मग हे ओरडले, "फेकी! फेकी आहे ही! नो बॉल!"

सगळे हसले. त्यात एकजण म्हणाला, "कॅप्टन, पोरगी फेकी असली तरी तुमचा कॅन गेलाच की." ह्यांचा चेहरा पडला. तेव्हापासून पार्किंगमध्ये ती दिसली की कोणीतरी म्हणणारच, "आली फेकी." दोन महिन्यांत तिने खाली जाणं सोडलं. मी वरून खिडकीतून सगळं बघत होते. खाली जाऊन एक शब्द बोलले नाही. मी बोलतच नाही कुठे. चौथीनंतर शाळा सुटली आणि चार माणसांत तोंड उघडायची सवय लागायची राहून गेली. इथे तर भाषा पण परकी. शेजारच्या बायकांना सुरुवातीला मी मुकी वाटले होते.

पुढे शाळेच्या खेळांत तिने बॉल इतका लांब फेकला की मोजायची फीत पुरली नाही. तिथे एक फिलिपिनो कोच आले होते. अल क्वोजला एक जुनं गोदाम भाड्याने घेऊन, आत जाळ्या लावून ते मुलींना शिकवतात. त्यांनी तिला बोलावून घेतलं. ती जे करते त्यासाठी जगात एक अख्खा खेळ आहे, हे मला तेव्हा कळलं. तिने घरी येऊन सांगितलं, "आई, ही सेज माय आर्म इज अ गिफ्ट." मी तिचा तो हात धरून नुसती बघत राहिले. तोच हात होता, ज्याला तिचा बाप फेकी म्हणाला होता.

सरावाला तिला एकटीला पाठवायला हे तयार नव्हते, म्हणून मी सोबत जायचे. मेट्रो, मग बस. गोदामात एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. तिसऱ्या दिवशी कोच माझ्याकडे आले. त्यांची हिंदी मोडकी, माझी त्याहून मोडकी. त्यांनी माझ्या हातात एक स्टीलचं छोटं यंत्र दिलं. अंगठ्याने दाबलं की आकडा एकने पुढे सरकतो.

"आंटी, बेबी थ्रो, तुम प्रेस. सिक्स्टी, खलास. नो मोर. आर्म फिनिश." त्यांनी स्वतःचं कोपर धरून दुखल्यासारखं तोंड केलं. मग मला हाताला धरून खुर्चीतून उठवलं. "सिक्स्टी, यू स्टँड अप. यू से, खलास!"

मला हसू आलं. ओढणी तोंडावर घेतली. पण काम समजलं. पिचरच्या कोपरात रोज मोजकंच बळ असतं. ते संपल्यावर फेकलं तर आतलं काहीतरी फाटतं आणि मग कधीकधी परत जुळत नाही. कोणीतरी मोजायला हवं, आणि मोजणाऱ्याने थांबवायला हवं. फेकणारी मुलगी स्वतः थांबत नाही. कोच म्हणाले, चांगली असली तर मुळीच थांबत नाही.

दोन वर्षं मी मोजलं. साठ झाले की मी उठायचे, कोचना दिसायचं, ते हात वर करायचे आणि सराव बंद. खलास म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. नुसतं उठलं की भागायचं.

मग ड्राफ्ट आला. इथे मुलींच्या चार टीमची नवी लीग निघाली होती. आधी दोन फेऱ्यांत ट्रायल घेतात. सगळ्या मुलींना पाठीवर नंबर देतात, चारही टीमची माणसं बघतात, लिहून घेतात. मग आठवड्याने एका हॉलमध्ये बोलावतात आणि टीम आळीपाळीने एकेक नंबर पुकारतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. ज्यांचा नंबर पुकारला त्यांचं शिक्षण, खेळ, सगळं टीम बघते आणि बाहेरच्या कॉलेजांची माणसं त्यांचे सामने बघायला येतात. जिचा नंबर येत नाही तिने घरी जायचं. आमच्या घरी त्याचा अर्थ पक्का होता. तिची बारावी झाली होती. हे म्हणाले होते, "झालं सिलेक्शन तर ठीक. नाहीतर रत्नागिरीला मावशीकडे राहील, तिथे कॉलेज करेल, पुढे स्थळं बघू."

ट्रायलला नियम होता की कोच मैदानाबाहेर राहणार. कोणी आपल्या मुलीला खुणा करू नयेत म्हणून. आई-बाप दोरीमागे बसू शकत होते. मी बसले. हे आले, सोबत दोन मित्र. माझ्या मुलीचा नंबर एक्केचाळीस.

जाळीमागे चारही टीमची माणसं. एकजण निळ्या टोपीचा, हातात वेग मोजायची बंदूक. चेंडू गेला की बाजूच्या फळीवर आकडा उमटायचा. तिचा आकडा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला तेव्हा सगळ्या माना वळल्या. निळी टोपी म्हणाली, "वन मोर." परत शंभरच्या वर. "वन मोर, स्वीटहार्ट." ह्यांचे मित्र टाळ्या वाजवायला लागले. "टाक पोरी! दाखव ह्यांना रत्नागिरीचा हात!" हे पण उभे राहिले. पार्किंगमधला फेकी शब्द त्या दिवशी कोणाच्या तोंडात नव्हता.

साठ झाले. मी उठले.

कोणी बघितलं नाही. कोच गेटपाशी होते, लांब, पाठमोरे, दुसऱ्या मुलींच्या घोळक्यात. निळी टोपी बोट वर करून म्हणत होती, "वन मोर." ह्यांनी माझी ओढणी खाली ओढली. "बस गं. मोठी माणसं बघतायत. पोरीचं चांगलं चाललंय ते बिघडवू नको."

मी बसले.

एकसष्ट. बासष्ट. माझा अंगठा दाबत राहिला. सत्तरीला फळीवरचा आकडा घसरायला लागला, तरी तो म्हणतोय, वन मोर. आता त्याला खाली कुठवर जातोय ते बघायचं होतं की काय, देव जाणे. त्याच्या हातात वेगाचं यंत्र होतं, तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. मला दिसत होता. ऐंशीनंतर फेकताना ती डोळे मिटत होती. सत्याऐंशीला चेंडू हातातून निसटून तिच्या पायाशीच पडला. तेव्हा तो म्हणाला, "ओके. नेक्स्ट."

माझ्या हातातल्या यंत्रावर तो आकडा तसाच होता. मी तो रात्रीपर्यंत शून्यावर आणला नाही.

घरी आल्यावर तिला स्वतःची वेणी घालता येईना. मी घातली. जेवताना ती डाव्या हाताने जेवली आणि ह्यांना म्हणाली, "आय ॲम फाइन, पप्पा." मी खोबरेल कोमट करून कोपराला चोळलं. गावी आम्ही तेच करतो. दुसऱ्या दिवशी कोचनी सुजलेलं कोपर बघितलं आणि डोक्याला हात लावला. "आंटी, ऑइल नो! आइस!" मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हाऊ मेनी?" मी यंत्र दाखवलं. ते बर्फ आणायला वळले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ट्रायलच्या दुसऱ्या फेरीला तिचा चेंडू अर्ध्यावर टप्पा घ्यायला लागला. ड्राफ्टच्या हॉलमध्ये आम्ही तीन तास बसलो. नंबर पुकारले जात होते, मुली उठून टोपी घालून फोटो काढत होत्या. एक्केचाळीस आला नाही. बाहेर पडताना कोचनी निळ्या टोपीला विचारलं. तो खांदे उडवून म्हणाला, "ग्रेट आर्म. बट डॅमेज्ड." तो शब्द मला माहीत होता. ह्यांच्या गोदामात फुटक्या मालाच्या खोक्यांवर तोच लिहितात.

ज्याने फोडलं त्यानेच तो शिक्का मारला.

मेट्रोत हे म्हणाले, "जाऊ दे. शेवटी फेकीच ती. आपल्याला कुठे जमणार." ती खिडकीकडे तोंड करून होती. तिने ऐकलं. आणि मी, जी साठला बसले होते, ती तेव्हाही गप्प बसले.

उन्हाळ्यात विमानाचं तिकीट फार महाग असतं म्हणून तिचं गावी जाणं दिवाळीवर गेलं. तेवढाच आमचा फायदा. लीगचा दुसरा ड्राफ्ट ऑक्टोबरमध्ये होता. दीड महिना कोचनी तिला चेंडूला हात लावू दिला नाही. नुसता बर्फ, रबराचा पट्टा ओढणं, कोपर हळूहळू वळवणं. नंतर रोज दहा, मग वीस. बाहेर ऊन असं की बसस्टॉपचा बाक चटका द्यायचा. गोदामात पंखे गरम वारा फेकायचे. मी मोजत होते. भाज्या चिरताना, चपात्या लाटताना, मी एक शब्द तोंडात घोळवून बघत होते. खलास. खलास. लहान आवाजात. मग जरा मोठ्या. एकदा शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, "क्या हुआ भाभी, गैस खतम?"

ऑक्टोबरची ट्रायल. तेच मैदान, तीच दोरी, तोच नंबर. हे आले होते, "शेवटचं बघून घेऊ" म्हणत. निळी टोपी होतीच. मुलीचा वेग परत शंभरावर गेला आणि त्याने मान तिरकी करून हसत वहीत काहीतरी लिहिलं. "वन मोर."

साठ झाले. मी उठले. ह्यांनी हात पुढे केला. मी ओढणी आवरून धरली आणि दोरीखालून आत गेले.

निळी टोपी म्हणाली, "मॅडम, मॅडम, प्लीज, बाहर." मी म्हणाले, "खलास." आवाज फुटलाच नाही. परत म्हणाले, "खलास!" ह्या वेळी गेटवरच्या सिक्युरिटीने पण वळून बघितलं. निळ्या टोपीने बोट वर केलं, "जस्ट वन मोर." मी ते यंत्र त्याच्या बोटासमोर धरलं, आणि मग मराठीत सुरू झाले. "साठ झालेत. मागच्या वेळी तू सत्याऐंशी टाकायला लावलेस आणि मग तिला फुटका माल म्हणालास. तुला एक हवा, मग आणखी एक हवा. हात तिचा आहे. तुझ्या बंदुकीचा नाही."

त्याला अक्षर कळलं नाही. माझी मुलगी "आई!" म्हणून ओरडली. मला वाटलं, आता ही चिडेल. तिने चेंडू ग्लोव्हमध्ये टाकला, ग्लोव्ह काखेत मारला आणि त्याला म्हणाली, "माय मदर सेज सिक्स्टी. सो सिक्स्टी."

त्याने वहीत एक्केचाळीसवर रेघ मारली. मी ती रेघ बघितली.

पलीकडे चौथ्या टीमची एक उंच, पांढऱ्या केसांची बाई होती. ती चालत आली, माझ्या हातातलं यंत्र बघितलं, आकडा वाचला आणि मान डोलावून परत गेली. ड्राफ्टला निळ्या टोपीने आमच्याकडे पाहिलं पण नाही. शेवटच्या फेरीत, हॉल अर्धा रिकामा झाल्यावर, ती बाई उठली आणि म्हणाली, "फोर्टी-वन."

सगळ्यात आधी टाळ्या ह्यांनी वाजवल्या.

म्हणून राग येतो. त्या संध्याकाळपासून हे जगाला सांगतायत, "आमच्या घराण्यातच हात आहे." निवड झाली म्हणून मी देवापुढे साखर ठेवली, पण राग गेलेला नाही. ह्यांच्यावर आहे, त्या टोपीवर आहे, आणि सगळ्यात जास्त त्या दोरीमागे परत बसलेल्या माझ्यावर आहे. डॉक्टर म्हणतात कोपर पूर्वीइतकं पक्कं कधी होणार नाही, जपावं लागेल. साठच्या पुढचे ते सत्तावीस चेंडू माझे आहेत.

परवा ह्यांच्या कंपनीची पिकनिक उम्म अल कुवैनला समुद्रावर होती. जेवणं झाली, स्टंप ठोकले, पार्किंगमधली जुनी माणसं जमली. ह्यांनी टेनिस बॉल लेकीकडे उडवला. "ये, टाक दोन ओव्हर. बघू दे ह्यांना. आता कोण म्हणतो फेकी?"

"अहो, तिचे आजचे साठ सकाळी झालेत," मी म्हणाले.

"अगं बारा बॉल! टेनिसचा बॉल आहे!"

"नाही."

"बघा," हे मित्रांकडे वळून हसले, "घरात नवीन कोच आलाय."

मित्र हसले नाहीत. तेव्हा "कॅन गेलाच की" म्हणणारा तर खाली वाळूकडे बघत होता. मी मुलीकडे बघितलं. तिने बॉल डाव्या हातात धरला होता. ती बापाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणून मान हलवली.

तिने वाकून तो बॉल वाळूवर ठेवला आणि पायाने ह्यांच्याकडे ढकलला.